टूलबॉक्सला हात लावण्याआधी

परीक्षांचा हंगाम जवळ आला की पदविका, बीसीए आणि बीसीएसच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प सादर व्हायला लागतात. त्यांतले बरेचसे अजूनही डेस्कटॉपवरचे असतात. वाचनालय, मेडिकल दुकानाचे बिलिंग, पतसंस्थेची खाती, दूध संकलन हे विषय ठरलेले. आमच्या वाचकांपैकी कुणी या प्रकल्पांचे मार्गदर्शक असतात, कुणी परीक्षक, तर कुणी काही महिन्यांनी याच मुलामुलींना कामावर घेणारे. सादरीकरणाची तऱ्हाही आता सगळ्यांच्या ओळखीची झाली आहे. आधी लॉगिनचा फॉर्म, त्याच्या मागे इंटरनेटवरून उचललेले चित्र, मग रंगीत बटणांनी भरलेले मुख्य पान. परीक्षक विचारतात, "व्हॅलिडेशन केलंय का?" विद्यार्थी रिकाम्या चौकटीवर सेव्ह दाबतो, मेसेज बॉक्स उघडतो आणि गुण पदरात पडतात. हा फॉर्म रोज कोण वापरणार, कुठे बसून वापरणार, त्याचे हात तेव्हा कशात गुंतलेले असणार, हे मात्र कुणीच विचारत नाही.

नवशिक्याचा फॉर्म वाईट दिसतो याची आम्हाला फारशी चिंता नाही. दिसणे सरावाने सुधारते. चिंता याची आहे की तो फॉर्म टूलबॉक्सपासून सुरू होतो. काम कोणत्या क्रमाने होते हे पाहण्याआधीच बटणे ओढून ठेवली जातात आणि पुढे वापरणाऱ्याचे काम त्या बटणांच्या मागे फरफटत जाते. ही सवय मुलांना आपणच लावली आहे.

याला थोडा इतिहासही आहे. १९९१ साली मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल बेसिक आणले. त्याआधी विंडोजवर एक रिकामी विंडो उघडायची तरी सी भाषेत पानभर कोड लिहावा लागे. व्हिज्युअल बेसिकमध्ये बटण ओढा, फॉर्मवर सोडा, त्यावर डबल क्लिक करा आणि कोड लिहा, एवढ्यावर काम आले. हजारो लोक त्यामुळे प्रोग्रामर झाले, हे श्रेय त्याला द्यायलाच हवे. या ओढा-सोडा पद्धतीचे मूळ ॲलन कूपर यांनी बनवलेल्या 'रुबी' नावाच्या प्रोग्राममध्ये होते. पुढे आलेल्या रुबी भाषेशी त्याचा संबंध नाही. याच कूपर यांनी १९९५ मध्ये 'अबाउट फेस' हे इंटरफेसच्या रचनेवरचे पुस्तक लिहिले आणि नंतरची अनेक वर्षे ते एकच गोष्ट लावून धरत राहिले: वापरणाऱ्याला काय साधायचे आहे ते आधी समजून घ्या, पडदा नंतर आखा. फॉर्म काढणे ज्यांनी सोपे केले, त्यांनाच पुढे 'काढण्याआधी थांबा' हे सांगावे लागले.

दूध संकलनाचाच प्रकल्प घेऊ. विद्यार्थ्याच्या फॉर्मवर उत्पादकांच्या नावांची लांबलचक कॉम्बोबॉक्स यादी असते, तारखेचा कंट्रोल असतो, सकाळ-संध्याकाळ निवडायला आणखी एक यादी, गाय-म्हैस अशी दोन रेडिओ बटणे, मग लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम यांच्या चौकटी. खाली न्यू, कॅल्क्युलेट, सेव्ह, अपडेट, डिलीट, क्लिअर, एक्झिट अशी बटणांची रांग. टेबलातला प्रत्येक कॉलम फॉर्मवर आला म्हणजे डिझाइन संपले, अशी समजूत. प्रत्येक नोंद सेव्ह झाली की यशाची बातमी देणारा मेसेज बॉक्स येतो, त्यावर ओके म्हणायचे, मग क्लिअर दाबायचे. दोनशे उत्पादकांच्या केंद्रावर दोन वेळचे मिळून रोज चारशे वेळा ओके.

आता पहाटेचे संकलन केंद्र पाहा. लोक कॅन घेऊन रांगेत उभे आहेत. ऑपरेटरचा एक हात नमुन्याच्या बाटलीकडे, दुसरा कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यातल्या आकड्यांवर. माउस असलाच तर वहीखाली दबलेला. उत्पादकाचा कोड त्याला तोंडपाठ आहे, नाव यादीत शोधायची गरजच नाही. त्याच्या कामाचा क्रम चारच आकड्यांचा आहे: कोड, लिटर, फॅट, एसएनएफ.

फॉर्म या क्रमावर बेतला की त्याचे रूपच पालटते. तारीख आणि पाळी प्रोग्राम उघडताना एकदाच ठरते आणि वर ठळक दिसत राहते. कोड टाकून एंटर दाबला की उत्पादकाचे नाव मोठ्या अक्षरांत येते, म्हणजे कोड चुकला तर समोरचा माणूसही ओरडून सांगतो. गाय की म्हैस हे उत्पादकाच्या नोंदीतून आपोआप येते आणि गरज पडली तर एका कळीने बदलते. एसएनएफवर एंटर दाबला की दर लागतो, नोंद होते, पावती छापली जाते आणि कर्सर पुन्हा कोडवर जातो. शेवटच्या चार-पाच नोंदी खाली दिसत राहतात, तीच नोंद झाल्याची खूण. कॅल्क्युलेट, सेव्ह आणि क्लिअर या तिन्ही बटणांना आता काम उरत नाही. हे सगळे सुचायला कुठल्याही टूलबॉक्सची गरज नव्हती. ऑपरेटरशेजारी तासभर बसणे आणि एक कागद पुरेसा होता.

व्हॅलिडेशनलाही इथेच अर्थ येतो. घाईत दशांश चिन्ह राहून जाते आणि ३.५ ऐवजी ३५ फॅट पडते. दूध इतक्या फॅटचे असूच शकत नाही, तेव्हा प्रोग्रामने तिथे थांबवलेच पाहिजे. पण गाईच्या दुधाला ६ फॅट लागले तर? ते विरळा आहे, अशक्य नाही. अशा वेळी चौकटीचा रंग बदलावा, बीप द्यावा, पण नोंद अडवू नये. अशक्य आणि विरळा यांतला फरक ज्या फॉर्मला कळतो त्याच्याशी ऑपरेटरचे जमते. संदेशही कामाच्या भाषेत हवा. 'इन्व्हॅलिड इनपुट' म्हणण्याऐवजी 'फॅट ३५ कसे? ३.५ का?' असे विचारले की माणूस वाचतो आणि दुरुस्त करतो. तीच गोष्ट 'तुम्हाला खात्री आहे का?' या प्रश्नाची. तो दर वेळी विचारला की हात न वाचताच एंटर दाबायला शिकतो. त्यापेक्षा चूक मागे घेता येण्याची सोय द्यावी आणि जुनी नोंद इतिहासात राहू द्यावी. पैशाच्या हिशेबात ते बरेही दिसते.

आता जरा तांत्रिक बाजू. माउसशिवाय फॉर्म चालायचा तर टॅबचा क्रम नीट हवा. विनफॉर्म्समध्ये नव्याने ओढलेल्या कंट्रोलला पुढचा टॅब क्रमांक मिळतो, टिकिंटरमध्ये विजेट ज्या क्रमाने बनवले त्या क्रमाने कर्सर फिरतो. त्यामुळे विसरलेली चौकट शेवटी वर नेऊन बसवली की कर्सर तळापर्यंत जाऊन उडी मारून वर येतो. विद्यार्थ्याला हे कधीच दिसत नाही, कारण तो माउसनेच दाखवत असतो.

दुसरी अडचण जागेची. प्रयोगशाळेतल्या पडद्यावर बेतून बसवलेला फॉर्म दुसऱ्याच्या लॅपटॉपवर, जिथे विंडोजचे स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के आहे तिथे, कापला जातो. कंट्रोलला ठरावीक कोऑर्डिनेट देऊ नका, नाते द्या: विनफॉर्म्समध्ये अँकर, डॉक आणि टेबललेआउटपॅनेल, क्यूटीमध्ये लेआउट, टिकिंटरमध्ये ग्रिड. ग्रिडमध्ये रांगांना आणि स्तंभांना वेट द्यायचे राहिले तर विंडो मोठी होते, पण आतला मजकूर होता तेवढाच राहतो. मराठीत काम करणाऱ्यांनी तर उंची कधीच पक्की करू नये. इंग्रजीवर बेतलेल्या चौकटीत देवनागरीचे उकार खालून आणि रफार, वेलांट्या वरून छाटल्या जातात. लेबलवर 'कुर्डुवाडी' लिहून पाहावे. ते शाबूत दिसले तर बाकीचे बहुधा निभावते. आकड्यांचेही भान ठेवावे. कुणी देवनागरी आकड्यांत ३.५ टाइप केले तर पायथनचे फ्लोट ते मुकाट्याने स्वीकारते, सी शार्पचे डबल पार्स नाकारते. वापरणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही आकडे एकच आहेत.

तिसरी गोष्ट नवशिक्याला सर्वांत जड जाते. आजवर त्याने लिहिलेले प्रोग्राम वरून खाली चालत आले. जीयूआय प्रोग्राम तसा चालत नाही; तो एका लूपमध्ये बसून घटनांची वाट पाहतो आणि एका वेळी एकच घटना हाताळतो. टिकिंटरमधली एक नेहमीची चूक याचीच साक्ष देते. बटणाच्या कमांडपुढे फंक्शनचे फक्त नाव लिहायचे असते. मुले सवयीने त्यापुढे कंसही टाकतात. मग ते फंक्शन बटण बनतानाच एकदा चालून जाते आणि बटण दाबल्यावर काहीच होत नाही. 'हे काम आत्ता कर' आणि 'घडेल तेव्हा हे काम कर' यांतला फरक समजला की अर्धे जीयूआय प्रोग्रामिंग समजले.

उरलेले अर्धे विंडो गोठल्यावर समजते. दूध तपासणाऱ्या यंत्राकडून सिरियल पोर्टवर आकडे यायला वेळ लागतो. बटणाच्या कोडमध्येच त्यांची वाट पाहत बसले तर लूप अडकतो, विंडो पुन्हा रंगत नाही आणि पाच सेकंद प्रतिसाद मिळाला नाही की विंडोज शीर्षकपट्टीवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' लिहून मोकळे होते. ऑपरेटर घाबरून आणखी चार वेळा क्लिक करतो, नाहीतर प्रोग्रामच बंद करतो. जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या मर्यादा अजूनही उपयोगी पडतात: ०.१ सेकंदात झालेले काम लगेच झाल्यासारखे वाटते, १ सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही आणि १० सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जाते. म्हणून लांबणारे काम बाजूला न्यावे. सी शार्पमध्ये त्यासाठी असिंक आणि अवेट आहेत, स्विंगमध्ये स्विंगवर्कर, क्यूटीमध्ये क्यूथ्रेड. टिकिंटरमध्ये बाजूच्या थ्रेडने निकाल रांगेत टाकावा आणि मुख्य लूपने आफ्टरच्या मदतीने तो ठरावीक वेळाने उचलावा. बाजूच्या थ्रेडमधून कंट्रोलला थेट हात लावू नये, हा नियम सगळीकडे सारखाच.

आणि दर काढण्याचा कोड बटणाच्या आत लिहू नये. ट्रिग्व्हे रीन्सकॉग यांनी झेरॉक्स पार्कमध्ये १९७९ साली मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर ही मांडणी केली, तेव्हापासून हे सांगून झाले आहे. नवशिक्यासाठी एकच कसोटी पुरे: विंडो न उघडता ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ आणि दहा लिटरची रक्कम काढता येते का? येत असेल तर दरपत्रक बदलले, उद्या तेच काम मोबाइलवर न्यायचे ठरले, तरी हिशेब जागचा हलत नाही.

'कोणते टूलकिट शिकू?' हा प्रश्न आम्हाला सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर सर्वांत लहान आहे. जी भाषा येते तिच्यासोबत जे मिळते ते. पायथनवाल्यांनी टिकिंटर, सी शार्पवाल्यांनी विनफॉर्म्स घ्यावे, आणि एक काम पुरे होईपर्यंत बदलू नये. डेस्कटॉपचे दिवस गेले, असे म्हणणारेही भेटतात. वजनकाटा, तपासणी यंत्र आणि पावतीचा प्रिंटर जोडलेल्या, इंटरनेटचा भरवसा नसलेल्या काउंटरवर ते गेलेले नाहीत. आणि कामाचा क्रम पाहण्याची सवय वेबवर गेल्यावर वाया थोडीच जाते!

शेवटी आमच्या वाचकांना तीन विनंत्या. मार्गदर्शकांनी पहिला फॉर्म पाहण्याआधी एक कागद मागावा: वापरणारा कोण, काम कोणत्या क्रमाने, दिवसात किती वेळा. परीक्षकांनी लॉगिनचे पान सोडून द्यावे. प्रोग्राम कधीही न पाहिलेल्या एखाद्या शिपायाला किंवा लिपिकाला समोर बसवून दहा नोंदी करायला सांगाव्यात, आणि तोवर विद्यार्थ्याने तोंड उघडायचे नाही असा नियम करावा. माणूस जिथे अडेल तिथे गुण कापावेत, आणि कापलेला प्रत्येक गुण का कापला ते विद्यार्थ्याला सांगावे. ज्यांच्या हाताखाली नवे प्रोग्रामर येतात त्यांनी पहिल्याच आठवड्यात त्यांना ग्राहकाच्या काउंटरवर एक दिवस पाठवावे. या तिन्ही गोष्टींना पैसा लागत नाही. येत्या परीक्षांपासूनच सुरुवात करावी.