न बोललेले दुखणे

डोळ्यांत मोतीबिंदू वाढू लागला की मनुष्य चार जणांना विचारून डॉक्टर शोधतो. हर्निया झाला तर कचेरीतल्या सहकाऱ्याला सांगून रजा काढतो. जननेंद्रियाच्या दुखण्याला मात्र ही वाट बंद असते. ते पत्नीपासूनही लपविले जाते, घरच्या डॉक्टरांपुढे तोंडातून शब्द फुटत नाही, आणि अखेरीस रुळांकडेच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ अशी अक्षरे रंगवून घेणाऱ्या वैदूच्या दारी रुग्ण जाऊन पोहोचतो. शिश्नाला येणारा बाक हे अशाच दुखण्यांपैकी एक होय. त्यावर शस्त्रक्रिया आहे आणि योग्य रुग्णांना ती उपयोगीही पडते. तथापि ती कोणाला, केव्हा आणि काय किंमत देऊन, हे ठाऊक नसेल तर घाई आणि दिरंगाई दोन्ही सारख्याच महाग पडतात.

हा विकार नवा नाही. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याचे शल्यचिकित्सक ला पेरोनी यांनी १७४३ साली त्याचे वर्णन केले आणि वैद्यकात तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. शिश्नात रक्ताने भरणारे दोन स्तंभ असतात आणि त्यांच्याभोवती चिवट पण लवचीक आवरण असते. बारीकसारीक इजांनंतर काही पुरुषांत हे आवरण नीट भरून येत नाही व तेथे व्रणासारखा कठीण चट्टा धरतो, असे मानले जाते. उत्थानाच्या वेळी बाकीचे आवरण ताणते, चट्टा ताणत नाही, आणि इंद्रिय चट्ट्याच्या बाजूला वाकते. पन्नाशीच्या आसपास हा विकार अधिक आढळतो. मधुमेह असणाऱ्यांत, तसेच हाताची बोटे आखडून जाण्याचा विकार असणाऱ्यांतही त्याचे प्रमाण जास्त दिसते. हा कर्करोग नव्हे, संसर्गाने जडणारा रोग नव्हे, आणि तरुणपणीच्या कोणत्याही ‘पापा’ची शिक्षा तर मुळीच नव्हे.

याहून निराळा असा जन्मजात बाक असतो. त्यात चट्टा नसतो, वेदना नसते; आवरणाची वाढ एका बाजूला कमी झाल्यामुळे तो तारुण्यात ध्यानात येतो. येथे एक गोष्ट तरुणांना स्पष्टपणे सांगितली पाहिजे. थोडासा बाक असणे स्वाभाविक आहे. तंतोतंत सरळपणा हा आरोग्याचा निकष नाही. समागम अशक्य होतो, दोघांपैकी कोणाला वेदना होतात वा मोठा मनस्ताप होतो, तेव्हाच उपचाराचा प्रश्न उभा राहतो.

पेरोनीच्या विकारात शस्त्रक्रियेच्या वेळेला फार महत्त्व आहे. प्रारंभीच्या काळात वेदना असतात आणि बाक बदलत राहतो. हा काळ काही महिन्यांचा, कधी वर्ष-दीड वर्षाचाही असतो. पुढे वेदना बहुधा ओसरतात आणि बाक स्थिरावतो. थोड्या रुग्णांत तो आपोआप कमी होतो. पुष्कळांत तसाच राहतो किंवा वाढतो. बाक बदलत असतानाच शस्त्रक्रिया उरकली तर विकार पुढे चालूच राहतो आणि केलेले काम वाया जाण्याचा संभव असतो. म्हणूनच बाक निदान तीन ते सहा महिने स्थिर असल्याची खात्री झाल्यावाचून जाणता शल्यचिकित्सक शस्त्र हाती घेत नाही. ‘उद्याच दाखल व्हा’ असे पहिल्याच भेटीत सांगणाऱ्याविषयी रुग्णाने सावध राहणे शहाणपणाचे ठरेल. जन्मजात बाकाला मात्र अशी प्रतीक्षा लागू नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी इंजेक्शनने कृत्रिम उत्थान घडवून बाक किती अंशांचा आहे हे मोजले जाते. त्याच वेळी सोनोग्राफीने रक्ताभिसरणही पाहता येते. ही तपासणी कितीही संकोचाची वाटली तरी टाळू नये, कारण कोणती शस्त्रक्रिया करायची हे तिच्यावरूनच ठरते. उत्थान चांगले, लांबी पुरेशी आणि बाक साधारण साठ अंशांच्या आत असेल, तर बाकाच्या विरुद्ध, म्हणजे लांब बाजूला चुण्या घालतात किंवा आवरणाचा छोटा तुकडा काढून कडा शिवतात. ही दुसरी पद्धत अमेरिकन शल्यचिकित्सक रीड नेस्बिट यांनी १९६५ साली जन्मजात बाकासाठी मांडली. शिंप्याने अस्तनीची लांब बाजू आखूड करून दोन्ही बाजू जुळवाव्यात, तसाच हा प्रकार आहे. बाक त्याहून मोठा असेल किंवा इंद्रिय मध्येच आवळल्यासारखे झाले असेल, तर चट्ट्यावर छेद घेऊन तेथे नीलेचे वा अन्य ऊतीचे ठिगळ लावतात. उत्थानच होत नसेल आणि औषधांनीही साधत नसेल, तर नुसता बाक काढून उपयोग नाही. अशा रुग्णासाठी आत कृत्रिम दांडी बसविण्याचा मार्ग असतो.

यांपैकी कोणतीही शस्त्रक्रिया गेलेले तारुण्य परत आणीत नाही, हे रुग्णाने आधीच मनाशी पक्के केले पाहिजे. चुण्यांच्या शस्त्रक्रियेत लांबी थोडी कमी होते. मुळात विकारानेच ती घटलेली असते, आणि या घटीचीच तक्रार रुग्ण पुढे अधिक करतात. टाक्यांच्या गाठी बोटाला लागू शकतात. ठिगळाच्या शस्त्रक्रियेत लांबी अधिक टिकते, परंतु उत्थान दुबळे होण्याचा आणि अग्रभाग बधिर होण्याचा धोका वाढतो. थोडा बाक उरणे वा कालांतराने पुन्हा येणे हेही दोन्हींत घडते. काही वेळा याच शस्त्रक्रियेत सुंताही करावी लागते. शुद्धीवर आल्यानंतर ते कळण्याची पाळी कोणावर येऊ नये. त्यानंतर साधारण सहा आठवडे समागम वर्ज्य असतो. हे सारे ऐकून जो तयार होतो तोच बहुधा पुढे समाधानी राहतो.

शस्त्राविना उपाय आहेत काय? चट्टा विरघळविणाऱ्या कोलॅजिनेज इंजेक्शनाला अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये मान्यता मिळाली. त्याने काहींचा बाक कमी होतो, पण क्वचित गंभीर इजाही होऊ शकते. उलट, वर्षानुवर्षे सर्रास लिहून दिलेल्या ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊ नयेत, असे अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली स्पष्ट केले. जेथे शास्त्राने स्वतःच्याच गोळ्या मागे घेतल्या, तेथे भिंतींवरच्या तेला-भस्मांची कथा काय सांगावी? लैंगिक सामर्थ्य वाढविण्याच्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्याने बंदी आहे. तरीही हा व्यापार चालतो, कारण त्याचे भांडवल औषध नसून रुग्णाची लाज आहे. कायदा जाहिरात पुसू शकतो. लाज पुसण्याचे काम समाजाचेच.

महाराष्ट्रात हे काम रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढून आरंभिले. अश्लीलतेचे खटले अंगावर घेऊनही त्यांनी ते १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालविले. शरीराच्या कोणत्याही अवयवाविषयी सभ्य मराठीत बोलता येते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यानंतरच्या पिढ्यांनी ती भाषा किती वापरली, याचा हिशेब शिक्षकांनी आणि डॉक्टरांनीही मांडावयास हवा. पडद्याआडून चार माणसे ऐकत असताना रुग्णाला ‘काय होतेय?’ असे विचारणारा बाह्यरुग्ण विभाग या लाजेत भरच घालतो. तपासणीच्या खोलीला दार असणे ही चैन नव्हे.

राहिला प्रश्न संमतीचा. शस्त्रक्रियेचे स्वरूप, हेतू, पर्याय आणि धोके समजावून सांगितल्याशिवाय घेतलेली संमती खरी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले. सबब कागदावर सही करण्यापूर्वी रुग्णाने चार प्रश्न विचारावेत: बाक स्थिर झाला आहे काय, माझ्यासाठी हीच पद्धत का, लांबी आणि उत्थान यांवर काय परिणाम होईल, आणि अशा शस्त्रक्रिया आपण स्वतः किती केल्या आहेत? शक्य तर या भेटीला पत्नीलाही सोबत न्यावे, कारण दुखणे एकाच्या शरीराचे असले तरी ते दोघांच्या संसाराचे असते. प्रश्न विचारणाऱ्या रुग्णाचा ज्याला राग येतो, त्या डॉक्टरच्या हाती असे नाजूक काम सोपविण्याची घाई कोणी करू नये.