दुआ चालू राहू द्या, गोळी थांबवू नका

माझ्या खालाला लग्नानंतर वर्षभरातच आवाज ऐकू यायला लागले. घरच्यांनी निदान केलं, आसेब. मग दर जुमेरातला दर्गा, लोबानचा धूर, दम केलेलं पाणी, गळ्यात तावीज. हाजरी आली की ती केस सोडून घुमायची, जाळीवर डोकं आपटायची. डॉक्टरकडे तिला पहिल्यांदा नेलं तोवर अकरा वर्षं उलटली होती. गोळ्या सुरू झाल्या आणि दोन-तीन महिन्यांत आवाज कमी झाले. ती अकरा वर्षं कुणाच्या खात्यावर टाकायची, हा विषय आमच्या घरात आजही कुणी काढत नाही.

हे सांगितलं की माझे पुरोगामी मित्र म्हणतात, हे दर्गे आधी बंद करा. मला ते पटत नाही. सासरी जिला ‘पागल’ म्हणत, तिला दर्ग्यात अनोळखी बाया शेजारी बसवून घेत, डब्यातलं खाऊ घालत. तिथल्या समजुतीप्रमाणे दोष तिचा नव्हताच, तिला धरणाऱ्याचा होता. त्यामुळे तिला मान खाली घालावी लागत नसे. दवाखान्यात अर्धा दिवस रांगेत बसल्यावर तिच्या वाट्याला पाच मिनिटं आली. तीही खालूशी बोलण्यात गेली.

पण दर्ग्याची बाजू घेताना एरवाडी विसरता येत नाही. तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यातल्या या दर्ग्याच्या आसपास खासगी लोकांनी मनोरुग्ण ठेवून घेण्याचा धंदाच मांडला होता. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे अशाच एका ठिकाणच्या झापांच्या शेडला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. २८ माणसं गेली. पैगंबरांनी उंट आधी बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, असं सांगितल्याचं आपण वाझमध्ये ऐकतो. बांधायला उंट सांगितला होता, माणूस नाही.

गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथे मीरा दातारचा दर्गा आहे. आपल्याकडचेही पुष्कळ लोक तिथे हाजरीला जातात. तिथे २००८ मध्ये ‘दवा-दुआ’ नावाचं काम सुरू झालं. मानसोपचाराचे डॉक्टर दर्ग्यातच बसू लागले आणि मुजावरांना आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं गेलं. मुजावर दुआ करतो, मग सांगतो की आता डॉक्टरांनाही भेटून या. यात कुणाच्या श्रद्धेला हात लावलेला नाही. डॉक्टरने शंभरदा सांगून जे घरचे ऐकत नाहीत, ते मुजावराच्या एका शब्दावर ऐकतात. आमच्या खालाच्या बाबतीत तो एक शब्द अकरा वर्षं कुणी उच्चारला नाही.

महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आला तेव्हा आपल्यातल्या काहींनी तो धर्मावरचा हल्ला मानला, जसा हिंदूंमधल्याही काहींनी मानला. त्याची अनुसूची वाचा. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं-मारणं हा गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्र, गंडेदोरे करणं हाही गुन्हा आहे. ‘रोखून’ हा शब्द महत्त्वाचा. फुंकर घालायला कुणी बंदी केलेली नाही. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर मनोरुग्णाला कुठेही, कशाही प्रकारे साखळीने बांधायला मनाई केली आहे. दवाखान्यातसुद्धा.

तेव्हा माझं मागणं आपल्या दर्ग्यांच्या विश्वस्तांकडे आहे. उरुसाच्या मांडवावर, रोषणाईवर खर्च होतोच. जुमेरातला एक खोली डॉक्टरसाठी उघडून द्या आणि जिल्हा रुग्णालयाला तसं पत्र लिहा. मानसिक आरोग्याचा सरकारी जिल्हा कार्यक्रम आहे, त्यांना रुग्ण शोधत फिरावं लागतं. तुमच्याकडे ते आपल्या पायांनी येतात. नजराणा कमी होईल अशी धास्ती असेल, तर आमच्या खालाकडे बघा. ती आजही दर जुमेरातला जाते, चादर चढवते, आणि रात्रीची गोळी दम केलेल्या पाण्याबरोबर घेते.