वाटणी की पाळी?

औसा तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, वाटणीनं जमीन वाढत नाही. बारा एकरांचे सहा-सहा होतात, वर मध्ये बांध येतो. विहीर मात्र पुष्कळदा सामाईक राहते आणि मोटार पाळीनं चालते.

मंडळी, मदरबोर्डवर हे दोन्ही प्रकार चालतात. फक्त विकणारे सांगत नाहीत, हीच माझी तक्रार.

पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटमध्ये डेटा 'लेन'वरून धावतो. तिसऱ्या पिढीची एक लेन सेकंदाला साधारण १ जीबी नेते, चौथीची २. एएम४ सॉकेटच्या बहुतेक रायझनना २४ लेन: १६ ग्राफिक्स कार्डाला, ४ एसएसडीला, ४ चिपसेटला. त्या १६ चे ८-८ केले की झाली वाटणी. मग एक कार्ड झोपलेलं असलं तरी त्याच्या लेन शेजाऱ्याला मिळत नाहीत. चिपसेट म्हणजे सामाईक विहीर: साटा, लॅन, दुसरी एसएसडी, सगळे त्याच ४ लेनवर. एकटा असेल त्याला भरपूर, सगळे एकदम आले की रांग.

औशाचा माझा मावसभाऊ लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. दुसऱ्या एसएसडीसाठी त्याला दुकानदारानं दोन लांब स्लॉटवाला महाग बोर्ड सुचवला. अहो, स्लॉट लांब असला म्हणून आत १६ लेन असतातच असं नाही, कित्येकदा ४ च असतात! आणि एडिटिंगला सेकंदाला काहीशे एमबी लागतात, तिसऱ्या पिढीच्या ४ लेन जवळपास ४ जीबी देतात. त्याला पाळी पुरते. वाचलेल्या पैशांत रॅम घ्यावी.

घरी दोन कार्डांवर एआय मॉडेल चालवणाऱ्यानं मात्र वाटणीवाला बोर्डच घ्यावा. एका स्लॉटमध्ये चार एसएसडी बसवणारं साधं कार्ड घेणार असाल, तर बायोसमध्ये ४-४-४-४ ची सोय आहे का ते आधी बघा. नसेल तर बहुधा एकच एसएसडी दिसेल.

२००४-०५ च्या एनफोर्स४ एसएलआय बोर्डांवर १६ चे ८-८ करायला एक छोटं कार्ड उलटं करून बसवावं लागे. वाटणी डोळ्यांना दिसायची. आता ती बायोसच्या मेनूत लपली आहे.

जमिनीला सातबारा असतो ना? मग बोर्डाच्या खोक्यावरही लेनचा सातबारा छापा की! तोपर्यंत पैसे मोजण्याआधी मॅन्युअलमधला ब्लॉक डायग्राम मागा. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.