रॅलीमागचे हात

जुन्या लष्करी जीपची रॅली काढायची तर गाडीच्या मालकाइतकीच गरज तिच्या आसपास उभ्या राहणाऱ्या माणसांची असते, आणि नेमकी तीच माणसे आपल्या हिशेबात नसतात. मुंबईत हॉर्निमन सर्कलच्या परिसरातून जुन्या मोटारींची रॅली निघते तेव्हा कौतुक होते ते गाडीचे, तिच्या सालाचे आणि मालकाच्या हौसेचे. जीपच्या बाबतीत हे कौतुक रास्तही आहे, कारण ती या शहराला परकी नाही. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत सहा लाखांहून अधिक जीप बनल्या. स्वातंत्र्याच्या सुमारास विलिस कंपनीच्या जीपची जुळणी माझगावात सुरू झाली आणि महिंद्रांच्या वाहनधंद्याचा पाया तिथे घातला गेला. पण युद्धकाळातली विलिस आजच्या रस्त्यावर चालवणे सोपे नाही. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे उजव्या बाजूने काय येते आहे हे चालकाला नीट दिसत नाही. वीजपुरवठा सहा व्होल्टचा, ब्रेक जुन्या ड्रम पद्धतीचे. वाहनांच्या गर्दीत मुंगीच्या पावलांनी चालावे लागले की इंजिन तापते. म्हणून वळणावर शिट्टी घेऊन उभा असलेला कार्यकर्ता, दोरखंड आणि पाण्याचे कॅन घेऊन मागून येणारी गाडी, बोनेट उघडताच कार्बोरेटरला हात घालणारा मेकॅनिक, ही सगळी त्या जीपचीच अंगे समजायला हवीत. ती नसतील तर रॅली पहिल्या सिग्नलपाशीच अडकेल.

कायद्याने मात्र फक्त लोखंड ओळखले आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली, बिगरव्यावसायिक दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे, आणि ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक. अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. नियम चांगले आहेत, तरी लष्करी वाहनांना ते तोकडे पडतात. जबलपूरच्या कारखान्यात जोंगा ही लष्करी गाडी नव्वदीच्या दशकापर्यंत बनत होती, तिच्या शेवटच्या गाड्यांना पन्नाशी गाठायला अजून बराच अवकाश आहे. लष्कराचा शक्तिमान तर मालवाहू ट्रक, म्हणून या व्याख्येबाहेरच. याहून मोठी उणीव अशी की गाडीची नोंद होते, पण ती चालती ठेवणारी विद्या कुठेच नोंदली जात नाही. जुना मिस्त्री थकला आणि त्याच्या हाताखाली कोणी तयार झाले नसेल, तर दहा वर्षांचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून ठेवण्यापुरते उरेल.

माणसे हिशेबात न धरण्याची किंमत मुंबईने एकदा मोजली आहे. १९७१च्या युद्धात चितगाव आणि कॉक्स बझारवर ज्या ‘विक्रांत’वरून हल्ले झाले, ती युद्धनौका १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी राहिली, २०१२ मध्ये धोकादायक म्हणून बंद झाली आणि सुमारे ६० कोटी रुपयांना विकली जाऊन २०१४च्या अखेरीस दारूखान्यात तोडायला घेतली गेली. गंजलेला सांगाडा स्वयंसेवकांनी वाचवला असता असे म्हणणे खोटे ठरेल. त्याला पैसाच लागत होता. पण चर्चा केवळ पैशाची झाली, माणसांची झाली नाही. अमेरिकेत सॅन दिएगोला ‘मिडवे’ ही विमानवाहू नौका २००४ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. तिथे माजी नौसैनिकांसह अनेक स्वयंसेवक विमाने दुरुस्त करतात, पाहुण्यांना नौका समजावून सांगतात. आपली ‘विक्रांत’ आज लायन गेटजवळच्या शिल्पापुरती उरली आहे.

यावर कोणी म्हणेल, ही श्रीमंतांची हौस, तिच्यासाठी गरिबांच्या मुलांनी फुकट का राबावे? आक्षेप खरा आहे. मिस्त्रीला मजुरी मिळालीच पाहिजे, आणि स्वयंसेवकाला जेवण, विमा व प्रशिक्षण. मात्र स्वेच्छेने राबणे म्हणजे लाचारी नव्हे, हे गिरगाव आणि लालबागला सांगावे लागत नाही. १८९३ पासून केशवजी नाईक चाळीत, १९३४ पासून लालबागच्या राजाच्या मंडपात गणेशोत्सवाचे कार्यकर्ते उभे आहेत. विसर्जनाला गिरगाव चौपाटीपर्यंत लाखोंच्या गर्दीतून वाट काढण्याची शिस्त याच मुलांच्या अंगी आहे. दुसरा आक्षेप धुराचा. वर्षातून मोजक्या सकाळी धावणाऱ्या गाड्यांचा धूर शहराच्या रोजच्या धुरापुढे नगण्य आहे. तिसरा, युद्धाच्या उदात्तीकरणाचा, मला अधिक विचार करण्याजोगा वाटतो. त्यावर उपाय असा की गाडीशेजारी उभ्या कार्यकर्त्याला तिचा इतिहास, त्यातल्या मृत्यूंसह, सांगता आला पाहिजे.

म्हणून रॅलीच्या संयोजकांना आणि परिवहन खात्याला एक विनंती आहे. पुढच्या वर्षीच्या पत्रिकेत गाडीच्या मालकाच्या नावाखाली तिच्या मेकॅनिकचे आणि वळणावरच्या कार्यकर्त्याचे नाव छापा, आणि परळ-दादरच्या आयटीआयमधल्या मोटार मेकॅनिक शिकणाऱ्या मुलांना रॅलीच्या महिनाभर आधी गॅरेजमध्ये बोलवा.