रमी बंद, गाचा चालू: पार्टीवाला जपानी आरपीजी निवडताना काय बघाल?

२० ऑगस्ट २०२५ ला ऑनलाइन गेमिंगचं विधेयक लोकसभेत मंजूर झालं, २१ ला राज्यसभेत आणि २२ ला राष्ट्रपतींची सहीसुद्धा झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, या कायद्याने बेकायदेशीर ठरवले. असा गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ड्रीम११, एमपीएलसारख्या कंपन्यांनी पैशाचे गेम लगेच थांबवले आणि टीम इंडियाच्या जर्सीवरचं ड्रीम११चं नावही गेलं.

आपल्या नाशिकमध्ये हा विषय त्याच्या महिनाभर आधीच पेटला होता. सिन्नरचे आमदार आणि तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधिमंडळात मोबाइलवर रमी खेळताहेत, असा आरोप करणारा व्हिडिओ जुलैमध्ये व्हायरल झाला. कोकाटेंनी आरोप फेटाळला. आपण खेळत नव्हतो, स्क्रीनवर आलेला गेम बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं. काही दिवसांनी त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. त्या वादात कोण खरं हा इथला विषय नाही. पण रमीच्या जाहिराती तेव्हा कुठेही, कशाच्याही मध्ये उगवायच्या, हे आपण सगळ्यांनीच बघितलंय.

आता त्या गेल्या. प्रश्न असा की त्या जागी काय आलं?

टीम लावायची सवय

माझा एक मित्र अंबड एमआयडीसीत शिफ्टला जातो. कायदा आल्यावर त्याने मला विचारलं, "रोज टीम लावायची सवय लागलीये रे, आता काय खेळू?" प्रश्न मला एकदम बरोबर वाटला. फँटसी क्रिकेटमध्ये लोकांना फक्त पैशाची ओढ नव्हती. १०० क्रेडिटमध्ये ११ खेळाडू बसवायचे, कीपर कोण, ऑलराउंडर किती, कॅप्टन कोणाला करायचं, यात डोकं चालतं. ती मजा खरी आहे.

हीच मजा जपानी रोल प्लेइंग गेम, म्हणजे जेआरपीजी, गेली जवळजवळ चाळीस वर्षं देतायत. तुमच्याकडे तीन-चार जणांची टोळी असते, तिला पार्टी म्हणतात. एक जण मार खाणारा, एक मारणारा, एक जखमा भरणारा, एक जादूवाला. ही टोळी घेऊन नकाशाभर भटकायचं, गावं शोधायची, गुहेत शिरायचं, राक्षसाला हरवायचं. कोणाला घ्यायचं आणि कोणाला काय शिकवायचं हे तुम्ही ठरवता. सगळे मारणारे घेतले तर तिसऱ्या गुहेत औषध संपतं आणि खेळ आटोपतो. अकरा बॅट्समन घेऊन उतरल्यासारखंच.

म्हणून मित्राला मी जेआरपीजी सुचवला. त्याने प्ले स्टोअरमध्ये शोधलं आणि सगळ्यात वर दिसलेला फुकट गेम टाकला. पंधरा दिवसांनी भेटला तेव्हा त्या फुकट गेममध्ये त्याचे २,३०० रुपये गेले होते. हवी ती हिरोइन मिळालीच नव्हती.

कायद्याची रेघ नक्की कुठे आहे?

नव्या कायद्याने ऑनलाइन गेमचे तीन भाग केलेत. पहिला, पैशाचा गेम: फी किंवा डिपॉझिट भरायचं आणि बदल्यात पैसे किंवा तसाच काही फायदा जिंकायची अपेक्षा ठेवायची. हा बंद. दुसरा, ई-स्पोर्ट्स: स्पर्धा म्हणून खेळायचे गेम, याला मान्यता. तिसरा, सोशल गेम: निव्वळ करमणुकीसाठी. यात सबस्क्रिप्शन किंवा एकदाच भरायची फी चालते, फक्त ती पैज म्हणून लावलेली नको.

आता गाचा या साच्यात बसवून बघा. गाचा हा शब्द जपानमधल्या खेळण्यांच्या मशिनवरून आला. नाणं टाकायचं, दांडा फिरवायचा, गोळा पडतो, आत काय निघेल ते नशीब. फोनवरच्या गेममध्ये गोळ्याऐवजी पात्र निघतं. तुम्ही पैसे देता, नशीब आजमावता, पण जिंकलेली वस्तू विकून रोख मिळत नाही. त्यामुळे रमीसारखा हा सरळ पैशाच्या गेमच्या व्याख्येत बसत नाही. पण दर वेळी नशिबासाठी पैसे मोजणं म्हणजे 'एकदाच भरायची फी' असंही कोणी म्हणणार नाही.

माझं मत असं: कायदा "जिंकल्यावर रोख मिळते का?" हे विचारतो. आपल्या खिशाच्या दृष्टीने प्रश्न वेगळा हवा, "हरण्यासाठी किती वेळा पैसे देता येतात?" रमीत जिंकलं तर निदान पैसे परत यायची आशा होती. गाचात तीही नाही, आणि तरी तो वाचतो, कारण त्यातून रोख बाहेर येत नाही.

गणित करून बघू

होंकाई: स्टार रेल हा गेम घेऊ. कंपनी चिनी आहे, पण घडण अगदी जेआरपीजीची: चार जणांची पार्टी, आळीपाळीने वार. गेम चांगला आहे, कथा फुकट पूर्ण खेळता येते आणि त्याचे दर गेममध्येच जाहीर केलेले आहेत.

पाच ताऱ्यांचं पात्र एका पुलमध्ये निघण्याचा मूळ दर ०.६ टक्के. म्हणजे सरासरी १,००० पुलमध्ये ६. या मूळ दराने ५० पुल केले तर निदान एक पाच तारेवालं पात्र निघण्याची शक्यता येते साधारण २६ टक्के. चारातल्या तिघांच्या हाती काहीच नाही. ९० व्या पुलला मात्र पाच तारे नक्की, याला 'पिटी' म्हणतात. पण ते पात्र तुम्हाला हवं तेच असेल याची शक्यता निम्मी. चुकलं तर पुढचं पाच तारेवालं नक्की तेच. म्हणजे सगळ्यात वाईट नशिबात १८० पुल. एका पुलला १६० जेड, म्हणजे एकूण २८,८०० जेड.

खेळत राहिलात तर जेड फुकटही मिळतात, हळूहळू. पण घाई झाली तर दुकान उघडंच आहे. तिथे जेडच्या पाकिटाचा रुपयांतला भाव बघा आणि २८,८०० ला किती होतात ते स्वतः मोजा. आकडा मी सांगण्यापेक्षा तुम्ही काढलेला जास्त लक्षात राहील.

मी इंजिनिअर आहे, म्हणून एक गोष्ट टोचते. रुपयांचे आधी स्फटिक होतात, स्फटिकांचे जेड, जेडचं तिकीट, मग पुल. प्रोग्राममध्ये इतक्या पायऱ्यांची गरज नसते. दर पायरीला रुपया थोडा धूसर होतो, हे त्यांचं खरं काम. आणि फासा पडतो कंपनीच्या सर्व्हरवर, तुमच्या फोनमध्ये नाही. जाहीर केलेल्या दरावर विश्वास ठेवणं एवढंच आपल्या हाती.

जपानने काय केलं?

गाचा जिथे वाढला तिथेच त्याला पहिला लगामही लागला. मे २०१२ मध्ये जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने 'कोम्पू गाचा' बेकायदेशीर असल्याचं जाहीर केलं. यात नशिबाने निघणाऱ्या वस्तूंचा पूर्ण संच जमला तरच मोठं बक्षीस मिळायचं. पाचपैकी चार जमले की माणूस पाचव्यासाठी वेडा होतो, हे त्यामागचं सूत्र. साधा गाचा मात्र जपानमध्ये चालू राहिला. २०१८ मध्ये बेल्जियमने पैसे देऊन उघडायच्या लूट बॉक्सला जुगार ठरवलं. अॅपलने २०१७ च्या अखेरपासून अशा वस्तूंची शक्यता आधी दाखवणं गेम बनवणाऱ्यांना सक्तीचं केलं, पुढे गूगल प्लेनेही. तुम्हाला आज दर दिसतात ते यामुळे. ते एका छोट्या बटणामागे लपलेले असतात, पण असतात.

मग निवडायचं काय?

एकदाच पैसे, पुढे दुकान नाही आणि पार्टी तुमच्या हाती, या तीन अटी लावल्या की फोनवर उरलेल्यांत हे तिघं मला सगळ्यात पटतात.

फायनल फँटसी (१९८७, फोनवर 'पिक्सेल रीमास्टर'): सुरुवातीलाच सहा प्रकारांतून चौघे निवडायचे: योद्धा, चोर, मुष्टियोद्धा, आणि लाल, पांढरा, काळा जादूगार. पहिल्यांदा खेळत असाल तर योद्धा, मुष्टियोद्धा, पांढरा आणि काळा घ्या. पांढरा जखमा भरतो, त्याच्याशिवाय निघू नका. निवड सुरुवातीची एकदाच, म्हणून विचार करून. गेम लहान आहे, पहिला जेआरपीजी म्हणून योग्य.

ड्रॅगन क्वेस्ट ३ (१९८८): गावातल्या गुत्त्यात जाऊन सोबती स्वतः बनवायचे, नाव ठेवायचं, पेशा ठरवायचा. २० व्या लेव्हलनंतर पेशा बदलता येतो. लेव्हल पुन्हा १ होते, ताकद निम्मी होते, पण शिकलेली जादू राहते. म्हणजे आधी जादूगार, मग योद्धा असा पक्का गडी तयार करता येतो. फोनवर तो उभ्या स्क्रीनवर चालतो, एका हाताने खेळता येतो.

फायनल फँटसी ५ (१९९२, पिक्सेल रीमास्टर): प्रयोग करायची खरी हौस असेल तर हाच. चौघांपैकी प्रत्येकाला कधीही कुठलाही 'जॉब' द्यायचा, त्यात शिकलेलं कसब दुसऱ्या जॉबमध्ये वापरायचं. जमलं नाही तर बदला, एक पैसा लागत नाही.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. या तिन्ही गेममध्येही नशीब आहे, वार चुकतो, राक्षस अचानक येतो. पण पार्टी कमकुवत पडली तर उपाय गेमच्या आत असतो: जॉब बदला, परत या, वेगळं शस्त्र घ्या. गाचात उपाय म्हणून दुकानाची खिडकी उघडते. पार्टी 'बनवणं' आणि 'मिळणं' यातला फरक तो हाच.

दोन अडचणी सांगतो. यातला एकही गेम मराठीत नाही आणि वाचायचं भरपूर असतं. इंग्रजी सोपं आहे, पण आहे इंग्रजीच. दुसरं, पैसे आधी द्यावे लागतात, आणि फुकटची सवय झालेल्या आपल्याला ते जड जातं. सेलमध्ये भाव उतरतात, विशलिस्टला टाकून थांबा. फार जुने वाटले तर हेच गणित नव्या गेमलाही लावा.

कसारा घाटात काय होतं?

नाशिकहून पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जाणाऱ्यांना हे सांगायला नको. इगतपुरी सोडली, बोगदे लागले की नेटवर्क जातं. सर्व्हरवर चालणारा गेम तिथेच अडकतो. फोनमध्ये उतरवलेला ड्रॅगन क्वेस्ट बोगद्यातही चालतो.

हे फक्त घाटापुरतं नाही. मोबियस फायनल फँटसी २०२० मध्ये बंद झाला, फायनल फँटसी ब्रेव्ह एक्झव्हियसची जागतिक आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये. दोन्हींत लोकांनी वर्षानुवर्षं पैसे देऊन जमवलेली पार्टी सर्व्हरबरोबर गेली. त्यात आपल्याकडे गेमवर बंदीही येते: सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइल, फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये बीजीएमआय स्टोअरमधून गायब होऊन मे २०२३ मध्ये परत आला. सर्व्हरवरचं पात्र विकत घेतलेलं नसतं, भाड्याचं असतं. १९८७ ची चौघांची पार्टी मात्र आजही खेळता येते.

डाउनलोडच्या आधी पाच मिनिटं

१. प्ले स्टोअरवर गेमच्या माहितीत 'इन-अॅप खरेदी' लिहिलंय का आणि एका वस्तूचा कमाल भाव किती, ते बघा. कमाल भाव हजारांत असेल तर समजून घ्या.

२. विमान मोड लावून गेम उघडतो का, हे कोणाला तरी विचारा किंवा रिव्ह्यूत शोधा.

३. गाचा असेल तर दराचं पान आधी वाचा आणि 'सगळ्यात वाईट नशिबाचा' खर्च काढा. तेवढे पैसे जायला तयार नसाल तर पहिला पुलही विकत घेऊ नका. फुकटच्या पुलवर खेळणं चालेल.

४. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा सक्तीचा करा. घरातला फोन लहान भावंडांच्या हाती जात असेल तर हे आजच करा.

५. 'मंथली पास' घेतला असेल तर यूपीआय अॅपमध्ये ऑटोपेची यादी तपासा. गेम काढून टाकला म्हणून सबस्क्रिप्शन थांबत नाही.

चुकून खरेदी झाली तर गूगल प्लेकडे ४८ तासांच्या आत परताव्याची विनंती करा. त्यानंतर गेम बनवणाऱ्या कंपनीच्या मागे लागावं लागतं आणि ते वेळखाऊ असतं.

माझ्या मित्राने तो गेम काढला नाही. पात्रं आवडतात म्हणतो, आणि ते मला समजतं. पण त्याने कार्ड काढून टाकलं आणि सेलमध्ये फायनल फँटसी ५ घेतला. सध्या तो चौघांनाही काळा जादूगार करून पुढे जायचा प्रयत्न करतोय. चौथ्यांदा हरलाय, खर्च शून्य.