नदीच्या वाटेवरची घरे

वर्षातील आठ महिने खानदेशातील नद्या झोपलेल्या असतात. पाचोऱ्याची हिवरा असो वा चाळीसगावची तितूर, माघ-फाल्गुनात त्यांच्या पात्रातून चालत जाणाऱ्याचे जोडे ओले होत नाहीत. गुरे तेथे चरतात, मुले क्रिकेट खेळतात, गावाचा उकिरडाही हळूहळू तेथेच येऊन पडतो. एखाद्या वर्षी काठावर चार बांबूंचा आडोसा उभा राहतो, पुढच्या वर्षी त्यावर पत्रा चढतो, तिसऱ्या वर्षी विटांची भिंत येते आणि पाचव्या वर्षी घरपट्टीची पावती हाती पडते. नदी काही बोलत नाही. तिचे बोलणे वर्षातून एखाद्या रात्रीपुरतेच असते, आणि तेही दर वर्षी नाही.

30 आणि 31 ऑगस्ट 2021 च्या दरम्यानची रात्र अशीच होती. सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगांवर कोसळलेला पाऊस काही तासांत खाली उतरला. तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या एकाच वेळी चढल्या आणि चाळीसगावची बाजारपेठ व नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. आसपासच्या खेड्यांतील गोठ्यांमध्ये दाव्याला बांधलेली जनावरे जागच्या जागी बुडाली. कन्नड घाटात दरडी कोसळून महामार्ग बंद झाला. त्यानंतरच्या सप्टेंबरातही तितूरने पुन्हा पात्र सोडले. सप्टेंबर 2025 मध्ये हीच पाळी पाचोरा तालुक्यावर आली. अजिंठ्याच्या पायथ्याशी वसलेल्या सातगाव डोंगरी, शिंदाड या गावांच्या परिसरात अतिवृष्टीने हाहाकार उडविला, घरांत पाणी शिरले, पशुधन वाहून गेले, शेतांतील माती खरवडून गेली आणि हिवरा दुथडी भरून पाचोऱ्यात आली.

अशा प्रत्येक आपत्तीनंतर समाज धावून जातो, ही आनंदाची गोष्ट आहे. पहाटे अंधारात घराघरांतून पोळ्या गोळा करणारे तरुण, चिखलाने भरलेली घरे धुऊन काढणारे स्वयंसेवक, जुने कपडे देऊन न थांबता नवी भांडी विकत घेऊन देणाऱ्या गृहिणी, हे दृश्य खानदेशात परके नाही. परंतु मदतीची वाहने परतल्यावर चिखल वाळतो, त्याच जागी तीच भिंत पुन्हा उभी राहते आणि तिच्या शेजारी आणखी एका नव्या घराचा पाया खणला जातो. सेवा करणाऱ्या हातांना हे दिसत नाही असे नाही. त्याविषयी बोलणे मात्र अवघड वाटते, कारण ज्याचा संसार नुकताच वाहून गेला त्याला ‘येथे राहू नका’ असे कोणत्या तोंडाने सांगावे?

तरीही प्रश्न टाळता येणार नाही. ज्या जागेवर नदीचा हक्क आहे तेथे माणसाने घर बांधत राहावे काय?

याचे एक उत्तर मराठी मुलखाने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले जात: काळी आणि पांढरी. काळी ती पिकाची, पांढरी ती वस्तीची. नदीने आणून पसरलेली काळी कसदार माती शेतासाठी, आणि तिच्यापासून उंचावर असलेली, निचरा होणारी पांढरी घरांसाठी. गढी आणखी उंच. पाण्यासाठी नदीजवळ राहावे, पण नदीत राहू नये, एवढे शहाणपण त्या मांडणीत होते. चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठच्या बहाळ येथे 1950 च्या दशकात पुरातत्त्व खात्याने केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर मिळाले. शतकानुशतके माणूस त्याच उंचवट्यावर घरावर घर रचीत राहिला. पुढच्या पिढ्यांना हा अनुभव जुनाट वाटू लागला तो धरणे, पूल आणि सिमेंट आल्यावर.

धरणांविषयीचा गैरसमज येथे स्पष्ट केला पाहिजे. गिरणा धरण झाल्यापासून खालच्या भागात ‘आता पूर येत नाही’ अशी समजूत रूढ झाली. परंतु ते धरण नांदगाव तालुक्यात आहे, आणि तितूर व हिवरा या नद्या त्याच्या कितीतरी खाली गिरणेला मिळतात. त्यांचे पाणी त्या धरणात जातच नाही. डोंगर जवळ, उतार तीव्र, खाली काळा पाषाण. पाऊस पडल्यावर पाणी गावात पोहोचण्यास दिवस लागत नाहीत, रात्र पुरते. आणि मोठे धरण वर असूनही काय होऊ शकते ते ऑगस्ट 2006 मध्ये सुरतेने पाहिले. उकाई धरणातून सोडलेल्या प्रचंड विसर्गाने तापीकाठच्या त्या महानगराचा बहुतांश भाग बुडाला. पोटापाण्यासाठी सुरतेस गेलेली हजारो खानदेशी कुटुंबे त्या पुरात होती. त्यांच्याकडून तरी हा धडा गावी परत यायला हवा होता.

पावसाचा स्वभावही पूर्वीचा राहिलेला नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार मध्य भारतात 1950 ते 2015 या काळात विस्तृत प्रदेशावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. ‘आजोबांच्या काळी पाणी इथवर आले नव्हते’ ही साक्ष त्यामुळे पुरेशी राहत नाही. शिवाय आजोबांच्या काळी नदीचे पात्र आजच्याएवढे आक्रसलेले नव्हते, पुलाच्या कमानी भरावाने बुजलेल्या नव्हत्या आणि गिरणेतील वाळू रात्रंदिवस उपसली जात नव्हती. वाळूच्या उपशाने पात्र खोल होते, मग पाणी अधिक मावेल, असे काहींना वाटते. प्रत्यक्षात तळ खाली गेला की उघड्या पडलेल्या काठाचा पाया सुटतो आणि दरड कोसळू लागते. तापीच्या खोऱ्यातील गाळाची जाड, भुसभुशीत माती कशी चिरत जाते, हे तेथील घळी पाहिल्या तरी कळते. काठावरचे घर पुरात बुडत नसले तरी काठच त्याच्याखालून निघून जाऊ शकतो.

कायदा नाही, अशी स्थिती मुळीच नाही. राज्यात पूररेषा आखण्याची पद्धत जुनी आहे. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचे क्षेत्र निषिद्ध; तेथे उद्यान, मोकळे मैदान, स्मशानभूमी चालेल, नवे घर चालणार नाही. निळ्या व लाल रेषांमधील क्षेत्र नियंत्रित. डिसेंबर 2020 मध्ये लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार तेथे बांधायचे तर जोते लाल रेषेच्या पातळीहून 0.45 मीटर उंच असले पाहिजे. नियम स्पष्ट आहे. परंतु ज्या ओढ्या-नाल्यांची पूररेषा आखलीच गेलेली नाही तेथे तो मुका आहे, आणि जेथे आखली आहे तेथे ती नकाशात आहे, जमिनीवर नाही. प्लॉट पाहायला गेलेल्या माणसाला ती कोणी दाखवीत नाही.

‘पंचवीस वर्षांतून एकदा’ या शब्दांनीही घोटाळा होतो. 2021 मध्ये पूर आला म्हणजे आता 2046 पर्यंत चिंता नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. दर वर्षी शंभरात चार एवढी शक्यता, असा तो आहे. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक निघते. निवृत्त शिक्षक आपल्या भविष्यनिर्वाह निधीची सारी रक्कम घालून जो ‘नाल्यालगतचा, पूर्वाभिमुख, स्वस्त’ प्लॉट घेतो, त्याला हा हिशेब प्लॉट विकणाऱ्याने सांगितलेला नसतो. वास्तुशास्त्राप्रमाणे दार कोठे असावे याची चौकशी सर्वजण करतात. पाणी कोठून येईल याची चौकशी करणारा विरळा. बळी केवळ झोपडीतील गरीब असतो, ही समजूत सुशिक्षित मध्यमवर्गाने सोडलेली बरी.

झोपडीतील गरिबाचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि तो अधिक टोचणारा आहे. तो नदीत राहतो ते हौसेने नव्हे. गावात इतरत्र त्याला जागा परवडत नाही, आणि कामाच्या जागेपासून पाच किलोमीटरवर दिलेली जागा म्हणजे त्याची रोजची मजुरी रिक्षाभाड्यात घालविणे होय. अतिक्रमण हटविण्याची मोहीम निघते तेव्हा पहिला घाव त्याच्या पत्र्यावर पडतो. त्याच पात्रात भराव टाकून उभे राहिलेले मंगल कार्यालय, व्यापारी गाळे, क्वचित एखादी सार्वजनिक इमारतही, तशीच दिमाखात उभी राहते. ज्या शासनाने स्वतः पात्र अडविले त्याने दुसऱ्यास उठविण्याचा नैतिक अधिकार कोठून आणावा? नदी मोकळी करायची असेल तर आरंभ मोठ्या आणि सार्वजनिक बांधकामांपासून व्हावा. तसे झाले तरच लहान माणूस आपण होऊन ऐकेल.

आजची मदतीची रीत तर माणसाला त्याच जागी खिळवून ठेवणारी आहे. पूर्णतः पडलेल्या घरासाठी केंद्राच्या 2022 पासूनच्या आपत्ती निकषांनुसार मैदानी प्रदेशात 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. ग्रामीण घरकुलासाठी केंद्राच्या मूळ निकषाची रक्कमही तेवढीच आहे. एवढ्यात भिंती उभ्या राहतील, नवी जागा येणार नाही. साहजिकच माणूस जुन्या जागीच भिंती घालतो. राज्यात भूमिहीन घरकुल लाभार्थ्यांना जागा खरेदीसाठी साहाय्य देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना 2015 पासून आहे. पूरप्रवण वस्तीतील प्रत्येक कुटुंबाला, ते कागदोपत्री भूमिहीन असो वा नसो, नगरपालिका क्षेत्रातील असो वा खेड्यातील, अशा साहाय्याचा लाभ मिळाला आणि तोही जुनी जागा नदीला परत करण्याच्या अटीवर, तर दीनदयाळजींना अभिप्रेत असलेल्या अंत्योदयाचे ते यथार्थ रूप ठरेल.

या बाबतीत अमेरिकेचे उदाहरण पाहण्याजोगे आहे, आणि ते त्या देशाच्या शहाणपणाचे तसेच मूर्खपणाचेही आहे. तेथील पूर्व किनाऱ्यालगत वाळूची लांबट, अरुंद बेटे आहेत. लाटांनी ती सतत झिजतात, सरकतात. धनिकांनी त्यांवर घरे बांधली. नॉर्थ कॅरोलिनातील रोडान्थे व बक्स्टन या गावांत 2020 पासून वीसहून अधिक घरे समुद्रात कोसळली. परंतु तेथेच 1982 मध्ये, रेगन अध्यक्ष असताना, एक कायदा झाला. त्याने अशा बेटांच्या अविकसित भागांत घर बांधण्यास बंदी घातली नाही. फक्त एवढेच ठरविले की तेथील नव्या बांधकामाला केंद्र सरकारचा पैसा मिळणार नाही, ना रस्त्यासाठी, ना पुलासाठी, ना पूरविम्यासाठी. ज्याला बांधायचे त्याने स्वतःच्या जोखमीवर बांधावे. करदात्याच्या पैशातून धोक्याला प्रोत्साहन नाही, हे तत्त्व भारतातही निळ्या रेषेच्या आत सहज लागू करता येईल. नवी नळजोडणी नाही, नवा काँक्रीट रस्ता नाही, नव्या घराला कर्ज नाही. निवडणुकीच्या तोंडावर नदीकाठच्या वस्तीत सभामंडप आणि पेव्हर ब्लॉक वाटणाऱ्या लोकप्रतिनिधींना, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, हे रुचणार नाही. मतपेढीसाठी माणसांना नदीत वसविणे हे पाप आहे, एवढे तरी आता स्पष्ट म्हणावयास हवे.

यावर आक्षेप येतो तो जुन्या बाजारपेठांचा. 22 जुलै 2021 च्या महापुरानंतर चिपळूणमध्ये पूररेषांना तीव्र विरोध झाला, कारण त्या रेषांच्या आत बहुतेक शहरच येत होते. तेथील नागरिकांचे म्हणणे होते की आधी वाशिष्ठीतील गाळ काढा. त्यांच्या आंदोलनानंतर ते काम सुरूही झाले. हा आक्षेप झिडकारण्यासारखा नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची पेठ उचलून नेता येत नाही, आणि गाळ, भराव, बुजलेल्या मोऱ्या काढल्याच पाहिजेत. जुन्यांना सांभाळून घ्यावे. इमारत नव्याने बांधताना जोते उंच करावे, तळमजला गोदामासाठी न ठेवता मोकळा सोडावा. परंतु जुन्यांच्या अडचणीचा आधार घेऊन नवे भराव टाकणाऱ्यांची बाजू घेता येणार नाही. संरक्षक भिंतीचा उपायही तसाच. एका काठाला भिंत घातली की पाणी दुसऱ्या काठावर चढते. पाचोऱ्यात हिवरेच्या एका तीरावर भिंत बांधून कृष्णापुरीकडील घरांना काय सांगणार?

नेदरलँड्स हा तर भिंतींवर जगलेला देश. त्यानेही 1993 व 1995 च्या पुरांनंतर धोरण बदलले आणि तिसाहून अधिक ठिकाणी बांध मागे सरकवून, पात्र रुंद करून नद्यांना जागा परत दिली. त्यासाठी काही शेतकऱ्यांची घरे हलवावी लागली. त्यांच्याशी वर्षानुवर्षे बोलणी झाली आणि भरपाईही दिली गेली.

पाचोऱ्यासारख्या गावात एवढा पैसा नाही. येथे ज्या गोष्टी लगेच होऊ शकतात त्या साध्या आहेत. 2021 आणि 2025 च्या पुरांत पाणी कोठवर आले हे प्रत्येक गल्लीतील लोकांना ठाऊक आहे. ती आठवण पुसली जाण्यापूर्वी विजेच्या खांबांवर, शाळांच्या भिंतींवर, देवळाच्या पायरीवर वर्षासह ठळक खूण रंगवून ठेवावी. पालिकेची परवानगी व बँकेचे कर्ज देताना पूररेषेचा दाखला मागावा आणि खरेदीखतात जागा कोणत्या रेषेत आहे ते लिहावे. मदतकार्यात उतरणाऱ्या संस्थांनी पुढच्या वेळी धान्याच्या पाकिटांबरोबर नदीबाहेर जाण्यास तयार असलेल्या कुटुंबांची यादीही करावी, त्यांच्यासाठी गावठाणालगत जागा शोधावी आणि तहसील कचेरीत त्यांच्यासोबत जाऊन बसावे. खुणा रंगविण्याचे काम येत्या मृगापूर्वी एका रविवारी शाखेतील दहा-बारा मुले करू शकतील.