अंतर किलोमीटरमध्ये नको, मिनिटांत मोजा

गडहिंग्लज तालुक्यात हिरण्यकेशी नदी फुगली की ऐनापूर, निलजी, नांगनूरचे बंधारे पाण्याखाली जातात आणि त्यांवरचा रस्ता बंद होतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात भडगावच्या पुलावरूनही पाणी वाहिलं. एरवी गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात चटकन पोहोचणाऱ्या गावांना अशा दिवसांत लांबचा वळसा पडतो. दिवस भरलेल्या बाईला तो परवडणारा नसतो.

आपली आरोग्यव्यवस्था डोकी मोजून उभी राहिली. सपाट भागात पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगराळ भागात हेच आकडे तीन हजार आणि वीस हजार. या हिशेबात वाटेतली नदी येत नाही. बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला, तर दोन तासांतही जीव जाऊ शकतो. थॅडियस आणि मेन या संशोधकांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंमागचे तीन विलंब मांडले: घरी निर्णय घेण्यातला, वाटेतला आणि दवाखान्यात उपचार सुरू होण्यातला. यांतला वाटेतला विलंब तर नकाशावर आधीच दिसू शकतो.

त्याचं तंत्र हाताशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं ‘अ‍ॅक्सेसमॉड’ हे संगणकीय साधन फुकट मिळतं. रस्ते, चढउतार, नद्या यांची माहिती भरली की कोणत्या गावाहून कोणता दवाखाना किती मिनिटांवर आहे, ते कळतं. पण त्यात काय भरायचं, हे आपल्यालाच ठरवावं लागेल. नुसती इमारत दाखवून भागणार नाही. रात्री सिझेरियन कुठे होतं, रक्त कुठे मिळतं, कमी वजनाच्या बाळासाठी नवजात कक्ष कुठे आहे, हे दिसलं पाहिजे. पूर्वेकडच्या गावांना कर्नाटकातलं संकेश्वर जवळचं, म्हणून राज्याच्या हद्दीवर नकाशा संपवून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. नाव सासरच्या गावी नोंदलेलं आणि सातव्या-आठव्या महिन्यात बाई माहेरी गेलेली. ऊसतोडीच्या हंगामात फडावर आलेल्या गरोदर बायकांची नोंद तर कैक मैल दूरच्या जिल्ह्यात असते. तेव्हा बाई राहते कुठे, यापेक्षा बाळंत कुठे होणार, हे नकाशावर हवं. ते आशाताईंना ठाऊक असतं. कोणता ओढा किती पावसाला रस्ता अडवतो, हे १०८ रुग्णवाहिकेच्या चालकाला माहीत असतं. ही माणसं जवळ न बसवता काढलेला नकाशा देखणा होईल, उपयोगाचा होणार नाही.

म्हणून दर मे महिन्यात तालुक्याने दोन नकाशे करावेत, एक कोरड्या दिवसांचा आणि एक पुराचा. पुराच्या नकाशावर जी गावं तुटतात, तिथल्या जुलै-ऑगस्टमध्ये दिवस भरणाऱ्या बायकांची यादी करून त्यांची सोय रुग्णालयाजवळ आधीच करावी. गडचिरोलीत ‘माहेरघर’ योजनेने दुर्गम गावांतल्या गरोदर बायकांना आरोग्य केंद्राजवळ राहायला जागा दिली. तीच सोय पावसाळ्यापुरती इथेही होऊ शकते. त्यासाठी नवं रुग्णालय बांधावं लागत नाही. दोन-तीन खोल्या, जेवण आणि सोबतच्या बाईची व्यवस्था लागते. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या आणि आपल्या गावचा पुराचा नकाशा मागा.